एस्पेरांतो क्रियापदाची नोंद कशी लिहावी: धातू, उगम आणि अर्थ यांचा योग्य क्रम

वडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकणारी काही मराठी मंडळी आपापल्या शब्दवह्या ठेवतात आणि त्या अधूनमधून माझ्याकडे तपासायला येतात. नामांची आणि विशेषणांची पाने बहुधा ठीक असतात. क्रियापदांची पाने मात्र पुन्हा पुन्हा त्याच चार-पाच ठिकाणी बिघडलेली दिसतात. एका वहीत 'शाती' या क्रियापदापुढे 'आवडणे. संस्कृत शांती या शब्दावरून' असे ठाम अक्षरात लिहिलेले होते आणि त्याखालचे उदाहरणवाक्यही चुकलेले होते. या दोन्ही चुकांचे कारण एकच आहे. शब्द कुठून आला, त्याचा अर्थ काय आणि तो वाक्यात कसा चालतो, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिणाऱ्याने एकाच आठवणीतून काढली होती. वास्तविक या तिन्हींचे पुरावे वेगळे असतात आणि ते ठराविक क्रमानेच तपासावे लागतात. खाली तो क्रम दिला असून उदाहरण म्हणून 'शाती' हेच क्रियापद शेवटपर्यंत घेतले आहे.

## तयारी

प्रत्येक धातूसाठी एक जाड कार्ड घ्यावे. पुढच्या बाजूला अर्थ आणि वापर लिहावा, मागच्या बाजूला फक्त उगम. ही विभागणी क्षुल्लक वाटेल, पण निम्म्या चुका तिनेच टळतात, कारण उगमाबद्दलचा अंदाज अर्थाच्या ओळीत शिरायला जागाच उरत नाही.

चार साधने हाताशी हवीत. पहिले 'फुंदामेंतो दे एस्पेरांतो', म्हणजे १९०५ मध्ये भाषेचा अधिकृत पाया म्हणून स्वीकारलेला ग्रंथ. यात या भाषेचे निर्माते झामेनहोफ यांचा पाच भाषांतील शब्दकोश समाविष्ट आहे. दुसरे, १९७० मध्ये प्रथम निघालेला आणि नंतर सुधारलेला 'प्लेना इलुस्त्रिता वोर्तारो' हा सचित्र एकभाषिक कोश. तिसरे, 'तेक्स्तारो' हा जालावरचा मजकूरसंग्रह, ज्यात झामेनहोफ यांच्या लेखनापासून अलीकडच्या मजकुरापर्यंत एखादा धातू शोधता येतो. चौथे, एबे विल्बोर्ग यांचा व्युत्पत्तिकोश. पहिली तीन साधने जालावर मोफत पाहता येतात. इंग्लिश अर्थ देणारे मोबाइलवरचे छोटे कोश या कामासाठी बाजूला ठेवावेत, कारण ते एका धातूपुढे एकच अर्थ देतात आणि तिथेच नोंद खुंटते.

लिप्यंतराचा नियमही आधीच ठरवावा. एस्पेरांतोच्या वर्णमालेत २८ अक्षरे आहेत आणि प्रत्येकाचा उच्चार एकच आहे. मराठीतल्या 'च'चे मात्र दोन उच्चार आहेत, 'चिमणी'मधला आणि 'चाक'मधला. एस्पेरांतोत हे दोन उच्चार दोन स्वतंत्र अक्षरांचे असल्यामुळे दोन्हींसाठी 'च' लिहिल्यास शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून टोपी असलेल्या 'सी'साठी 'च' आणि बिनटोपीच्या 'सी'साठी नेहमी 'त्स' लिहावे: 'चेसी' म्हणजे थांबणे आणि 'त्सेदी' म्हणजे माघार घेणे, दुसऱ्याला जागा देणे. कार्डाच्या कोपऱ्यात मूळ रोमन लेखनही टोपीसकट उतरवून ठेवावे.

सावध: देवनागरीत लिहिल्यावर काही क्रियापदे ओळखीची वाटू लागतात. 'बोली' म्हणजे उकळणे, 'देवी' म्हणजे करणे भाग असणे, 'लावी' म्हणजे धुणे. पाठांतराला अशा गमतींची मदत होत असेल तर होऊ द्यावी; कार्डाच्या मागच्या बाजूवर त्यांना स्थान नाही.

## टप्पा १: धातू वेगळा काढा

एस्पेरांतोत क्रियापदाचे मूळ रूप 'ई'काराने संपते, वर्तमानकाळ 'आस', भूतकाळ 'इस', भविष्यकाळ 'ओस', संकेतार्थ 'उस' आणि आज्ञार्थ 'ऊ' या प्रत्ययांनी. शातास, शातिस, शातोस, शातुस आणि शातू ही सगळी एकाच धातूची रूपे आहेत. हे प्रत्यय काढल्यावर उरतो तो 'शात-'. नोंद या धातूची करायची असते. पूर्ण शब्द शीर्षस्थानी ठेवला की लिहिणारा 'शाती'ला 'शांती'शी जोडतो, वस्तुतः शेवटचा 'ई' हा केवळ व्याकरणाचा प्रत्यय असून उगमाशी त्याचा काही संबंध नसतो.

यानंतर आत आणखी उपसर्ग वा प्रत्यय लपलेला नाही ना, हे पाहावे. 'बोलिगी' या क्रियापदात 'बोल-' हा धातू आणि 'इग' हा 'करवणे' सुचवणारा प्रत्यय आहे. परंतु 'लिगी' म्हणजे बांधणे. त्यातला 'इग' प्रत्यय नाही, तो लॅटिन 'लिगारे'तून आलेल्या 'लिग-' या धातूचाच भाग आहे.

तपासणी: प्रत्यय वाटणारा भाग काढल्यावर उरलेला तुकडा कोशात स्वतंत्र धातू म्हणून सापडला पाहिजे आणि त्याचा अर्थही जुळला पाहिजे. दोन्हींपैकी एक अट पुरी झाली नाही तर तुकडे पाडू नयेत.

## टप्पा २: धातूची जात ओळखा

एस्पेरांतोत प्रत्यय बदलून कोणत्याही धातूपासून क्रियापद करता येते, त्यामुळे सगळे धातू सारखेच असावेत असा समज होतो. तो खरा नाही. 'कोंब-' हा क्रियाधातू आहे. 'कोंबी' म्हणजे विंचरणे, 'कोंबो' म्हणजे विंचरण्याची क्रिया, आणि कंगव्यासाठी साधनवाचक 'इल' लावून 'कोंबिलो' म्हणावे लागते. 'ब्रोस-' हा नामधातू आहे. 'ब्रोसो' म्हणजेच ब्रश आणि त्यावरून 'ब्रोसी' म्हणजे ब्रशने घासणे. एकभाषिक कोशात 'ओ' लावलेले रूप पाहिले की जात कळते: अर्थ क्रियेचा असेल तर क्रियाधातू, वस्तूचा असेल तर नामधातू. 'शात-' हा क्रियाधातू आहे.

## टप्पा ३: जुनी अधिकृत नोंद पाहा

आता 'फुंदामेंतो'तल्या शब्दकोशात धातू शोधावा. तिथे प्रत्येक धातूपुढे फ्रेंच, इंग्लिश, जर्मन, रशियन आणि पोलिश या क्रमाने अर्थ दिलेले आहेत. पाचही स्तंभ उतरवून घ्यावेत. फ्रेंच वा पोलिश येत नसेल तर त्या भाषेच्या कोशात प्रत्येक शब्द पाहावा. हा वेळखाऊ भाग आहे आणि तो गाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण एकट्या इंग्लिश शब्दाचे पाच-सहा अर्थ असू शकतात. पाचही भाषांतल्या शब्दांना समान असलेला अर्थच झामेनहोफ यांना अभिप्रेत होता, असे मानून चालता येते.

सावध: हे पाच स्तंभ अर्थ सांगतात, उगम सांगत नाहीत. जर्मन स्तंभातला शब्द धातूसारखा दिसला की 'जर्मनमधून' असे लिहून मोकळे होणे, ही वह्यांमधली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. कधी ते खरेही निघते. पण या टप्प्यावर त्याला पुरावा नसतो. कार्डाची मागची बाजू अजून कोरीच राहिली पाहिजे.

## टप्पा ४: उगम शोधा

हा टप्पा तीन पायऱ्यांत करावा.

पहिल्या पायरीत उमेदवार गोळा करावेत. एस्पेरांतोचे बहुसंख्य धातू लॅटिनमधून किंवा तिच्या वारस भाषांतून, विशेषतः फ्रेंचमधून, घेतलेले आहेत. त्यानंतर जर्मन घराण्याचा क्रम लागतो. रशियन-पोलिशकडून आलेले धातू थोडे आहेत, जसे खटपट करणे या अर्थाचे 'क्लोपोदी'. झामेनहोफ यांच्या घरातल्या आणि गावातल्या भाषांमध्ये यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची जर्मनशी जवळची भाषा, होती, हे विसरू नये. 'शात-'साठी या चौकटीत तीन उमेदवार मिळतात: जर्मन 'शेत्सन', यिद्दिश 'शात्सन' आणि पोलिश 'शात्सोवाच'. तिन्हींचा अर्थ मोल ठरवणे किंवा मोलाचे मानणे या परिघातला आहे.

दुसऱ्या पायरीत रूप आणि अर्थ दोन्ही जुळतात का, ते पाहावे. जर्मन शब्दाचा उच्चार 'शे'ने सुरू होतो, मग एस्पेरांतोत 'शा' कसा, असा प्रश्न येथे पडायलाच हवा. जर्मन लेखनात त्या जागी दोन टिंबे असलेले रोमन वर्णमालेतले पहिले अक्षर आहे. टिंबे काढली की 'आ' उरतो, आणि झामेनहोफ यांनी अनेक शब्द उच्चारापेक्षा लिखित रूपावरून घेतले आहेत. यिद्दिश आणि पोलिश रूपांत तर 'आ' आधीच आहे. पोलिश शब्द स्वतःच जर्मनमधून गेलेला असल्यामुळे तीन स्वतंत्र साक्षीदार मिळाले असे मानता येत नाही. ते एकाच घरातले आहेत. म्हणून नोंद अशी व्हावी: 'जर्मन शेत्सन, यिद्दिश आणि पोलिश रूपांचा आधार संभाव्य'.

तिसऱ्या पायरीत थेट उगम आणि दूरचे मूळ यांत रेघ ओढावी. 'फेर्मी' म्हणजे बंद करणे. याचा थेट उगम फ्रेंच 'फेर्मे' हे त्याच अर्थाचे क्रियापद. त्या फ्रेंच शब्दाचे मूळ लॅटिन 'फिर्मारे', म्हणजे पक्के करणे. नोंदीत आधी फ्रेंच लिहावे आणि लॅटिन लिहायचेच असेल तर अर्धविरामानंतर. केवळ 'लॅटिन फिर्मारे' लिहिल्यास 'पक्के करणे' याचे 'बंद करणे' एस्पेरांतोतच झाले असा चुकीचा बोध होतो. तो बदल फ्रेंचमध्येच होऊन गेलेला होता.

संस्कृतचा मोह याच पायरीवर आवरावा लागतो. 'दोनी' म्हणजे देणे, 'मोर्ती' म्हणजे मरणे, 'स्तारी' म्हणजे उभे राहणे. यांच्याकडे पाहून 'दा', 'मृ' आणि 'स्था' आठवले नाहीत तर नवल. हे साम्य खरे आहे, कारण लॅटिन आणि संस्कृत या एकाच पूर्वज भाषेतून निघालेल्या बहिणी आहेत. परंतु झामेनहोफ यांनी 'दोनी' घेतले ते लॅटिन 'दोनारे' आणि फ्रेंच 'दोने' यांवरून. तेव्हा 'संस्कृतवरून' असे लिहिणे चूक आहे; 'संस्कृत दा हा याच कुळातला' असे लिहिणे बरोबर आहे. बहीण आणि आई यांतला हा फरक कार्डावर 'थेट उगम' आणि 'सगोत्र' अशा दोन ओळी आखून कायमचा सांभाळावा.

सगोत्र नसलेले साम्य ओळखायला वडोद्याच्या वाचकाला दूर जावे लागत नाही. गुजरातीत 'मळवुं' म्हणजे भेटणे किंवा मिळणे; मराठीत 'मळणे' म्हणजे कणीक मळणे किंवा कपडे घाण होणे. रोज दोन्ही भाषा बोलणारा माणूस या दोन शब्दांची गल्लत करत नाही, कारण त्याला दोन्हींची वाक्ये ठाऊक असतात. एस्पेरांतोची वाक्ये ठाऊक नसताना केवळ दिसण्यावरून नाते जोडले जाते, आणि म्हणूनच 'शाती'ला 'शांती' मिळते.

तपासणी: मागच्या बाजूवरच्या प्रत्येक विधानापुढे 'निश्चित', 'संभाव्य' किंवा 'तर्क' यांपैकी एक शब्द लिहावा. उदाहरणार्थ, 'वोली' म्हणजे इच्छिणे, आणि उडण्यासाठी मात्र फ्रेंच 'वोले' न घेता जर्मन धर्तीचे 'फ्लुगी' घेतले आहे. ती जागा 'वोली'ने आधीच व्यापली होती म्हणून असे झाले असावे, हे पटण्याजोगे आहे, पण ते 'तर्क' या शब्दासहच लिहावे. विल्बोर्ग यांचा कोश या टप्प्यावर, स्वतःचा निष्कर्ष लिहून झाल्यानंतर उघडावा. आधी उघडल्यास तपासणी होत नाही, नक्कल होते.

## टप्पा ५: वाक्यांतून अर्थ ठरवा

येथे कार्ड पालथे करून पुढच्या बाजूला यावे आणि उगम काही काळ विसरावा. 'तेक्स्तारो'त धातू शोधून जुन्या आणि नव्या मजकुरांतली वाक्ये दोन वेगळ्या कागदांवर उतरवावीत. प्रत्येक वाक्यात कर्ता कोण, कर्म काय आणि संदर्भ कोणता, एवढे तीनच मुद्दे टिपावेत. मराठी प्रतिशब्द सर्वांत शेवटी.

'शाती'ची वाक्ये अशी मांडली की दोन ढीग पडतात. एका ढिगात कर्म म्हणजे मदत, श्रम, सल्ला, जीव यांसारखी मोलाची गोष्ट असते. 'ली ने शातास सियान वीवोन' या वाक्याचा अर्थ त्याला आपल्या जिवाची किंमत नाही असा होतो. येथे 'त्याला आपला जीव आवडत नाही' हे मराठी चालणारच नाही. दुसऱ्या ढिगात कर्म खाद्यपदार्थ, छंद किंवा करमणूक असते: 'मी शातास लेगी', मला वाचायला आवडते. जुन्या मजकुरात पहिला ढीग मोठा असतो, आजच्या बोलण्यात दुसरा. म्हणजे मोल जाणण्यापासून आवडण्यापर्यंत हा अर्थ सरकत आला आहे आणि पहिला अर्थ अजून संपलेला नाही. नोंदीत दोन्ही अर्थ क्रमांक घालून द्यावेत, आणि पहिला आधी द्यावा, कारण दुसरा त्यातून निघतो.

शेजारच्या क्रियापदांशी सीमा आखल्याशिवाय हा टप्पा पुरा होत नाही. 'आमी' म्हणजे प्रेम करणे, 'एस्तिमी' म्हणजे माणसाला मान देणे, 'ताक्सी' म्हणजे किंमत ठरवणे, आणि 'प्लाची' म्हणजे आवडणेच, पण उलट बाजूने. या शेवटच्या जोडीत मराठी माणूस हमखास अडखळतो. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात आंबा कर्ता आहे आणि क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. एस्पेरांतोत 'शाती' वापरले की आवडणारा माणूस कर्ता होतो आणि आंब्याला कर्माचा 'न' लागतो: 'मी शातास मांगोन'. मराठीची रचना जशीच्या तशी हवी असेल तर 'प्लाची' घ्यावे लागते: 'ला मांगो प्लाचास आल मी'. वह्यांमध्ये दिसते ते 'आल मी शातास मांगो', म्हणजे एका क्रियापदाची रचना आणि दुसऱ्याचा शब्द. योगायोगाने 'मी' दोन्ही भाषांत सारखाच असल्यामुळे ही चूक डोळ्यांना खटकतही नाही.

तपासणी: नोंदीतल्या प्रत्येक अर्थाखाली संग्रहातले निदान एक पूर्ण वाक्य असावे. स्वतः रचलेले वाक्य पुरावा म्हणून धरू नये. ते रचताना आपण आपला समजच पुन्हा लिहीत असतो.

## टप्पा ६: सकर्मक की अकर्मक

एकभाषिक कोशात प्रत्येक क्रियापदापुढे ही खूण दिलेली असते, तरी ती वहीत क्वचितच उतरते. मराठीत फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत, त्यामुळे हा फरक आपल्याला मुळात अवघड नाही. अडचण होते ती मराठी शब्दच दुहेरी असतो तेव्हा. 'पाणी उकळले' आणि 'तिने पाणी उकळले' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. म्हणून 'बोली: उकळणे' ही नोंद अपुरी ठरते. 'बोली' अकर्मकच आहे, फ्रेंच 'बुयीर' आणि इंग्लिश 'बॉइल' यांच्याशी तिचे नाते असले तरी, आणि पाणी उकळवायचे असेल तर 'बोलिगी'च म्हणावे लागते. याउलट 'कोमेंत्सी' म्हणजे सुरू करणे. कार्यक्रम आपोआप सुरू होत असेल तर 'कोमेंत्सीजी'.

कार्डावर म्हणून नुसते 'सुरू' किंवा 'उकळणे' लिहू नये. 'होणे' किंवा 'करणे' यांपैकी जे लागू असेल ते शब्दशः जोडावे: '(आपोआप) उकळणे, उकळते होणे', 'सुरू करणे'. 'शाती' सकर्मक आहे, हे आधीच्या टप्प्यातल्या 'न'वरून दिसलेच.

## टप्पा ७: साधित शब्दांवरून फेरतपासणी

धातूपासून बनलेल्या शब्दांत जुना अर्थ टिकून राहतो, म्हणून ते शेवटी पाहावेत. 'माल' हा उपसर्ग फ्रेंचमधल्या 'वाईट' अर्थाच्या शब्दावरून आला असला तरी एस्पेरांतोत तो केवळ विरुद्धार्थ दाखवतो. 'मालफेर्मी' म्हणजे उघडणे, त्यात वाईट काही नाही. 'मालशाती' म्हणजे नुसते नावडणे नव्हे, तर तुच्छ लेखणे, आणि 'शाती'चा पहिला अर्थ मोल जाणण्याचा होता या पाचव्या टप्प्यातल्या निष्कर्षाला त्यामुळे दुजोरा मिळतो. उलट 'शातोकूपो' म्हणजे छंद, आणि त्यात दुसरा अर्थ दिसतो. साधित शब्द आणि अर्थांचा क्रम जुळत नसेल तर पाचवा टप्पा पुन्हा करावा. साधित शब्दांची यादी ओढूनताणून बसवू नये.

## टप्पा ८: नोंद लिहा

वरील सगळे झाल्यावर शाईने लिहायला हरकत नाही. पुढची बाजू अशी दिसेल:

शात-, क्रियाधातू, सकर्मक. १. मोलाचे मानणे, कदर करणे. २. (एखादी गोष्ट) आवडणे, आवडीने करणे. रचना: आवडणारा कर्ता, आवडलेल्या वस्तूला 'न', किंवा पुढे क्रियापदाचे 'ई'कारान्त रूप. तुलना: प्लाची (रचना उलट), आमी, एस्तिमी, ताक्सी. साधित: मालशाती, शातोकूपो.

मागची बाजू अशी:

थेट उगम: जर्मन शेत्सन (निश्चित), यिद्दिश शात्सन आणि पोलिश शात्सोवाच यांचा आधार (संभाव्य). सगोत्र संस्कृत शब्द: नोंद नाही.

शेवटची ओळ रिकामी न सोडता 'नोंद नाही' असे लिहिणे महत्त्वाचे आहे, नाहीतर पुढच्या वेळी वही उघडणारा कोणीतरी ती जागा 'शांती'ने भरून टाकतो. दोन्ही बाजूंच्या तळाशी तपासणीची तारीख आणि वापरलेल्या कोशाची आवृत्ती लिहावी. जालावरच्या कोशांतल्या नोंदी सुधारल्या जातात, आणि दोन कार्डांत विरोध दिसला तर कोणते आधी तपासावे हे त्या तारखेवरूनच ठरते.